पुलावरचं ‘हव’

टायर मी बाबांसाठी बदलले, असं मी त्या दिवसांत सगळ्यांना सांगत होतो. ऑफिसात सांगितलं, सासुरवाडीला फोनवर सांगितलं, शेजारच्या काकूंनाही सांगितलं. “बाबांना गाडीत आवाजाचा फार त्रास होतो हो.” लोकांना ते ऐकून बरं वाटायचं आणि मला सांगून. पण ते खरं नव्हतं. बाबांना ऐकूच कमी येत होतं. आवाजाचा त्रास मला व्हायचा.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि काही वर्षांनी आमचं ऑफिस शहर सोडून बाहेर, नव्या रायपूरला गेलं. तिकडचा रस्ता इतका रुंद आणि सरळ की पहिल्या दिवशी गाडी चालवताना आपण उगाच मोठे साहेब झालो असं मला वाटलं. पण त्याचा बराच भाग सिमेंटचा होता. डांबरावर आमची गाडी गुरगुरायची, सिमेंटवर चढली की ओरडायची. काचा वर केल्या तरी खालून घूं-घूं चालूच. कालव्यावरच्या पुलावर तर आवाज असा भरायचा की शेजारी बसलेल्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. तिनं गाडीचं नाव हेलिकॉप्टर ठेवलं होतं. “पापा, हेलिकॉप्टर से चलेंगे या ऑटो कर लें?”

ते टायर तीन वर्षांपूर्वी मीच निवडले होते. ‘टॅक्सीवाले हेच घालतात, लवकर झिजत नाहीत’ असं कुणीतरी म्हणालं, तेवढं मला पुरलं.

आम्ही पुरानी बस्तीला लागून असलेल्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा तरुणपणी भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथं आले आणि त्यांनी सगळी नोकरी कारखान्यात, मालगाडीचे डबे दुरुस्त करण्यात काढली. दिवसभर लोखंडावर लोखंड. कान तिथेच गेले. आम्ही कानाचं मशीन आणलं होतं, ते त्यांनी आठ दिवस लावलं आणि कपाटात ठेवलं. “यात मानूस बोलत नाही, भांडे बोलतेत,” असं त्यांचं म्हणणं.

पाऱ्याच्या टोकाला आमच्या लोकांचं विहार आहे. एक खोली, वर पत्रे, पुढे ओटा. बाबा रिटायर झाल्यापासून त्याची चावी त्यांच्याकडे. ती ते बनियनला सेफ्टी पिननं लावून ठेवत. रोज सकाळी साडेसहाला दार उघडायचं, झाडायचं, मेणबत्ती लावायची आणि जमलेल्या आठ-दहा जणांपुढे बसून वंदना म्हणायची. वंदना त्यांना पाठ होती, तिथं कानांची गरज पडत नव्हती. लोक त्यांच्या मागून म्हणायचे. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही विहाराचं दार साडेसहालाच उघडलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी झालं असं कुणाला वाटायला नको.

ऑफिस तिकडे गेल्यावर मला तिथल्या सेक्टरमध्ये सरकारी क्वार्टर मिळाला. तीन खोल्या, मागे जागा, नळाला पूर्ण दिवस पाणी. बायकोला तो आवडला, मुलीला आवडला, मला तर रोजची ये-जा सुटणार म्हणून फारच आवडला. राहिले बाबा. एका रविवारी त्यांना क्वार्टर दाखवायला नेलं. त्यांनी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली, नळ सोडून पाहिला, मागच्या मोकळ्या जागेत थोडा वेळ उभे राहिले. परत येताना पुलावर, त्या घूं-घूंमध्ये, समोर पाहतच मी विचारलं, “बाबा, इकडे राहायला यायचं ना? जुनं घर सोडून, सगळ्यांनी?”

बाबा म्हणाले, “हव.”

छत्तीसगढीत ‘हव’ म्हणजे ‘हो’. रायपुरात भाजीवालीपासून बाबूपर्यंत सगळेच म्हणतात. बाबा घरात ‘हो’ म्हणायचे, पण कारखान्यात आणि बाजारात इतकी वर्षं काढल्यावर ‘हव’ही त्यांच्या तोंडात बसलं होतं. मी गाडी तशीच दामटली. घरी येऊन बायकोला सांगितलं, “बाबा तयार आहेत.”

मग पुढचं भराभर केलं. ऑफिसात होकाराचं पत्र दिलं, घरमालकाला कळवलं. बायको पंडरीच्या कापडबाजारात जाऊन पडद्यांचं कापड घेऊन आली. एका संध्याकाळी बाबा घरी झोपलेले असताना मी विहाराच्या ओट्यावर गेलो आणि तिथं बसलेल्यांना सांगितलं की बाबा आता आमच्याबरोबर नव्या रायपूरला येणार, चावी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाबांच्या मागे पहिल्या रांगेत बसणारी एक म्हातारी आहे, तिला सगळे मावशी म्हणतात. ती म्हणाली, “थे सोताच म्हनले का असं?”

“हो मावशी, स्वतः म्हणाले.”

“बरं बापा,” ती म्हणाली आणि तोंडातली सुपारी चघळत राहिली.

येत्या रविवारी वंदनेनंतर बाबांना शाल द्यायची आणि तेव्हाच चावी घ्यायची असं ठरलं. “आधी त्यांना बोलू नका, सत्काराचं आहे,” असं मी म्हटलं. सामानाचा ट्रक मंगळवारचा ठरला.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुट्टी होती. टायर बदलायला मी भनपुरीला निघालो, तर बाबा आपणहून गाडीत येऊन बसले. चाकांचं काम म्हटलं की त्यांना राहवत नसे.

भनपुरीला ट्रकांच्या गर्दीत एका ओळखीच्यानं सांगितलेलं दुकान होतं. मालक जाडजूड, बोलका. गाडी वर उचलून त्यानं पुढचं चाक हातानं फिरवलं आणि मला म्हणाला, “भैया, इधर आइए. हाथ फेरिए. अब उल्टा फेरिए.”

एका बाजूनं हात फिरवला तर रबर गुळगुळीत लागलं. उलट फिरवला तर करवतीसारखं बोटांना टोचलं.

“टायर कभी आगे-पीछे बदलवाए थे?”

“नाही.”

“एलाइनमेंट?”

मी रुमालानं बोटं पुसू लागलो.

“तो रोड को गाली मत दीजिए,” तो म्हणाला. “रोड नहीं चिल्ला रहा, ये दाँत चिल्ला रहे हैं.”

मग त्यानं चार प्रकारचे टायर काढून भिंतीला लावले. एकाची नक्षी मोठ्या ठोकळ्यांची होती. हा खराब रस्त्याला चांगला, पण आवाज करणार. एक जास्त वर्षं चालणारा, पण रबर कडक. एकाची नक्षी बारीक, ठोकळे लहान-मोठे मुद्दाम वेगवेगळे केलेले. सगळे सारखे असले तर एकाच सुरात आवाज निघतो, वेगवेगळे असले की तो विखुरतो, असं त्यानं समजावलं. “आवाज कम चाहिए तो नरम लीजिए. जल्दी घिसेगा, वो मैं अभी बोल देता हूँ.” मी नेहमीसारखा कडक टायरकडे पाहत उभा राहिलो. बाबा खाली बसले. प्रत्येक टायरमध्ये त्यांनी अंगठ्याचं नख रोवून पाहिलं, बोटाच्या पेरानं टकटक केलं, कारखान्यात चाकावर हातोडी मारून पाहत असतील तसं. मग लहान-मोठ्या ठोकळ्यांच्या त्या टायरवर हात ठेवला.

“हे घे. हे नरम हाय.”

दुकानदार खूश झाला. “वाह बाबूजी! आप तो उस्ताद निकले. चाय लेंगे या ठंडा?”

शेजारी हवेचं मशीन धडधडत होतं. बाबा म्हणाले, “हव.”

दुकानदार हसला. त्यानं चहाही मागवला आणि ठंडाही. “बाबूजी ने दोनों को हाँ बोला है!” बाबांच्या एका हातात कप, एका हातात बाटली. तेही हसले, लोक हसतात म्हणून. आणि मीही हसलो. आज हे लिहिताना हात थांबतो तो या जागी. माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मी हसलो.

टायर बसले, बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं. नवे टायर सवयीचे व्हावेत आणि मलाही फरक कळावा म्हणून मी गाडी सरळ घरी न आणता नव्या रायपूरच्या रस्त्यावर घातली. डांबर संपून सिमेंट लागलं आणि मी दचकलो. काहीच झालं नाही. म्हणजे रस्ता बदलल्याचं मला फक्त डोळ्यांनी कळलं. खालून एक मऊ सरसर येत होती, बस. मी वेगाच्या काट्याकडे पाहिलं, ऐंशी.

“गाडी बंद पडली का रे?” बाबांनी विचारलं.

“नाही बाबा, चालू आहे. टायर चांगले निघाले.”

“मी निवडले ना.” ते खुशीत आले. मी वळायला इंडिकेटर दिला, तर त्यांनी कान पुढे केला. “हे काय वाजून राहिलं टिकटिक?”

ही गाडी आमच्याकडे सहा वर्षं होती. सहा वर्षं ते माझ्या शेजारच्या सीटवर बसत होते आणि ती टिकटिक त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आली होती. पण त्यापुढचा विचार मी लगेच आनंदाखाली दाबला. बाबांना ऐकू येतंय! या आनंदातच मी बोललो, “बाबा, रविवारी वंदना झाली की ती चावी देऊन टाका. मंगळवारी ट्रक येतो.”

“कोनाची चावी?”

“विहाराची.”

“कोनाले देऊ? काहून देऊ?”

पूल आला होता. मी गाडी हळू केली आणि बाजूला घेऊन थांबवली. कालव्याला पाणी नव्हतं. मी त्यांना सांगितलं. क्वार्टर, होकाराचं पत्र, घरमालक, ट्रक, विहारात कुणाला काय बोललो ते. सांगताना माझा आवाज माझ्या कानांना परक्यासारखा लागत होता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. राग नव्हता चेहऱ्यावर. आपल्याच घरात शिरताना दार आतून बंद मिळावं, तसा चेहरा.

“पडद्याचं कापड पाह्यलं होतं मी,” ते म्हणाले. “मले वाटलं घराले रंग देऊन राहिले.”

“पण बाबा, तुम्हीच तर… मी विचारलं होतं. याच पुलावर. तुम्ही हव म्हणालात.”

त्यांनी कानामागे हात नेला.

“हव म्हनलं,” ते म्हणाले, “का हो म्हनलं?”

मी स्टिअरिंगकडे पाहत म्हटलं, “हव.”

“मंग?” एवढंच बोलून त्यांनी काचेबाहेर तोंड केलं.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात बायकोला सांगितलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. “म्हणजे तुम्ही गाडीत विचारलं होतं? अहो, गाडीत? मला वाटलं, समोर बसवून नीट विचारलं असेल.” मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “पापा, आजोबा जब ‘हव’ बोलते हैं ना, मतलब सुनाई नहीं दिया. सुनाई देता है तब ‘हो’ बोलते हैं. सबको पता है.”

“सबको?”

“आजी ने बताया था. आपको नहीं पता?”

मी ‘नाही’ म्हणालो. तेही खोटं होतं. शब्दांचा हा हिशेब मला कुणी समजावून सांगितला नव्हता हे खरं. पण घरात मी बाबांना काही विचारलं की ते हात कानामागे नेत, ‘काय म्हनतं?’ म्हणत, मला दोनदा-तीनदा बोलायला लावत आणि मग विचार करून उत्तर देत. त्या उत्तरात कधीकधी ‘नाही’ असायचं. गाडीत तसं कधीच व्हायचं नाही. गाडीत प्रत्येक गोष्टीला ‘हव’ मिळायचं. त्यांची जुनी सायकल भंगारात देण्याबद्दल मी गाडीतच विचारलं होतं. त्यांचं कपाट मुलीच्या खोलीत हलवण्याबद्दलही गाडीतच. अवघड गोष्ट असली की मी त्यांना घेऊन फिरायला निघायचो, आणि मला वाटायचं मी वडिलांना हवा खायला नेणारा चांगला मुलगा आहे. सायकल गेल्यावर ते दोन दिवस जिन्याखाली जाऊन पाहत होते. मी पाहिलं होतं त्यांना पाहताना. काही बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना आटोपून बाबा परत आले ते चप्पल न काढता गाडीजवळ उभे राहिले. “चाल.”

“कुठे?”

“थ्याच पुलावर.”

मला भीती वाटली. बायको म्हणाली, जा. आम्ही निघालो. शनिवार होता, रस्ता रिकामा. सिमेंट लागलं, तीच सरसर. पूल आला तसे ते म्हणाले, “आता इचार.”

“बाबा, राहू द्या ना…”

“इचार म्हनतो ना!”

मी विचारलं. तेच शब्द, तितक्याच आवाजात, पण या वेळी त्यांच्याकडे वळून. “बाबा, इकडे राहायला यायचं का? जुनं घर सोडून?”

“नाही,” बाबा म्हणाले.

इतकं स्वच्छ ‘नाही’ मी त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. पुलाचे जोड एकामागून एक मऊ आवाज करत गेले. थोड्या वेळानं ते म्हणाले, “इथं सकाळी उठून मी कोनतं दार उघडू? सांग.” मी गिअर बदलला. मग तेच म्हणाले, “तुले यायचं असन तर ये. पोट्टीले घेऊन ये. मी नाही म्हनत नाही. पन माह्या तोंडून तू नको बोलू.”

मी म्हणालो, ऑफिसात सोमवारी पत्र देतो, घरमालकाशी आजच बोलतो. ते म्हणाले, “थे तुह्यं पाह्य. विहारात तू सांगितलं ना? मंग विहारात तूच सांग.”

रविवारी सकाळी साडेसहाला मी त्यांच्याबरोबर गेलो. किती वर्षांनी गेलो हे लिहायला लाज वाटते. शालीमुळे त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त लोक आले होते. बायको आणि मुलगीही मागे बसल्या होत्या. बाबांनी बनियनच्या पिनेतून चावी काढली, दार उघडलं, झाडलं, मेणबत्ती लावली. वंदना झाली. शाल मावशीच्या मांडीवर कागदात गुंडाळलेली होती. ती उलगडण्याआधी मी उभा राहिलो. काय बोलायचं ते मी रात्री पाठ केलं होतं. मी ऑफिसात शंभर माणसांसमोर बोललो आहे, तिथं पंचवीसही नव्हते.

“मी तुम्हाला सांगितलं होतं की बाबा हो म्हणाले,” मी म्हटलं. “ते म्हणाले नव्हते. मी त्यांना गोंगाटात विचारलं. चालत्या गाडीत. त्यांना ऐकू आलं नव्हतं. आणि ऐकू आलं नाही हे… हे मला कळायला पाहिजे होतं. कळत होतं.”

मावशीनं सुपारी गालात सरकवली.

“हव म्हनले असन थे,” ती म्हणाली.

“हो मावशी.”

“मले तवाच वाटलं बापा. आमच्या पोरीच्या लग्नाच्या मंडपात आचाऱ्यानं त्याहिले इचारलं, भात झाला, आता पोया करू का भजे? हव म्हनले. पोया बी झाल्या न भजे बी झाले!”

सगळे हसले. मुलगीही हसली. मला चहा आणि ठंडा आठवला आणि मी हसू शकलो नाही.

बाबा पुढे पाठमोरे बसले होते, मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखानं काढत. इतका वेळ ते वळले नव्हते. मी त्यांच्या पाठीकडे पाहून म्हटलं, “बाबा, माझं चुकलं.”

“हव,” बाबा म्हणाले.

हसणं थांबलं. मी पुढे गेलो, त्यांच्या उजव्या बाजूला, जो कान त्यातल्या त्यात बरा आहे तिकडे खाली बसलो आणि पुन्हा म्हटलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला, बाहेर ओट्यापर्यंत गेला असेल.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेण लागलेलं बोट बनियनला पुसलं.

“हो,” ते म्हणाले. “ऐकलं.”

मग मावशीनं शाल उलगडली. आणलीच आहे तर परत कशाला न्यायची, असं सगळ्यांचं मत पडलं. शाल अंगावर घेऊन बाबांनी दाराला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

आम्ही त्याच घरात राहिलो. क्वार्टर परत केला. पडद्यांचं कापड आमच्या खिडक्यांना लांब झालं, अजून जमिनीवर लोळतं. मी रोज त्याच रस्त्यानं ऑफिसला जातो आणि टायर दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे लवकर झिजतायत. गेल्या महिन्यात मी हात फेरून पाहिला, दोन्ही बाजूंनी.